विली मेसरश्मिट

विल्हेल्म एमिल मेसरश्मिट (जन्म : फ्रांकफुर्ट, २६ जून १८९८, मृत्यू : म्युनिक, १५ सप्टेंबर १९७८) हे जर्मन विमानरचनाकार होते. दुसऱ्या महायुद्धात जर्मन हवाई दलाचा कणा ठरलेले बीएफ १०९ हे लढाऊ विमान त्यांच्या नावाशी कायमचे जोडले गेले.

पूर्वायुष्य

मेसरश्मिट यांचे बालपण बाम्बेर्ग येथे गेले. तेथे फ्रीडरिश हार्ट यांच्यासह त्यांनी ग्लायडर बांधले. १९२३ मध्ये म्युनिक येथे अभियांत्रिकीचे शिक्षण पूर्ण करून त्यांनी स्वतःची कंपनी स्थापन केली. विमान हलके असावे व त्याचे भाग कमीत कमी असावेत, हे त्यांच्या रचनेचे सूत्र होते.

बीएफ १०९

या विमानाने २८ मे १९३५ रोजी पहिले उड्डाण केले. चाके पंखांऐवजी मुख्य सांगाड्याला जोडलेली असल्याने पंख काढले तरी विमान उभे राही. त्यामुळे जुळणी व दुरुस्ती सुलभ झाली. मात्र दोन चाकांतील अंतर कमी राहिल्याने विमान उतरताना अनेक अपघात घडले.

प्रकार व प्रमाणीकरण

ई व एफ या प्रकारांनंतर १९४२ मध्ये डीबी ६०५ इंजिनाचा जी प्रकार आला. युद्धाच्या गरजेनुसार तोफा, रेडिओ व इंजिन यांत सतत बदल होत गेले. रेगेन्सबुर्ग, लाइपत्सिग व वीनर नॉयश्टाट येथील कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या, एकाच नावाच्या विमानांतही त्यामुळे फरक राहत. हा पसारा आवरण्यासाठी १९४४ मध्ये जी-१४ व त्यानंतर के हे प्रकार काढण्यात आले. के-४ प्रत्यक्ष वापरात येईपर्यंत इंधनाची व प्रशिक्षित वैमानिकांची तीव्र टंचाई निर्माण झाली होती. बीएफ १०९ ची एकूण संख्या ३३,००० हून अधिक भरते.

पुरेशा चाचण्यांपूर्वीच उत्पादनास घेतलेले मी २१० हे विमान सदोष ठरले. १९४२ मध्ये त्याचे उत्पादन थांबले आणि मेसरश्मिट यांना कंपनीचे प्रमुखपद सोडावे लागले.

युद्धोत्तर काळ

फ्लोसेनबुर्ग व माउटहाउझेन छळछावण्यांतील कैद्यांना मेसरश्मिट विमानांच्या उत्पादनासाठी राबविण्यात आले होते. १९४८ मध्ये नाझीवाद निर्मूलन न्यायालयाने मेसरश्मिट यांना नाझी राजवटीचे सहप्रवासी ठरविले. जर्मनीत विमाननिर्मितीवर बंदी असताना त्यांच्या कंपनीने शिलाई यंत्रे व लहान तीनचाकी गाड्या तयार केल्या. पुढे त्यांनी स्पेनसाठी एचए-२०० या जेट विमानाची रचना केली. त्यांच्या विमानांचे तांत्रिक यश आणि त्यांच्या उत्पादनासाठी कैद्यांनी मोजलेली किंमत या दोहोंसह त्यांचे नाव इतिहासात नोंदले गेले आहे.