मालिकेचा नूर ओळखणारा प्रशिक्षक : रेड होल्झमन

अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलच्या एनबीए स्पर्धेत विजेतेपदाचा निकाल एका सामन्यात लागत नाही. तेच दोन संघ जास्तीत जास्त सात वेळा एकमेकांसमोर उभे ठाकतात आणि ज्याचे चार विजय आधी पूर्ण होतात, तो विजेता ठरतो. अशा मालिकेत कोणतीही गोष्ट फार काळ गुपित राहत नाही. पहिल्या सामन्यात चाललेली युक्ती दुसऱ्या सामन्यात प्रतिस्पर्ध्याला पाठ झालेली असते. म्हणूनच तेथे प्रशिक्षकाची खरी परीक्षा सामना सुरू असतानाच होते. मध्यंतराच्या काही मिनिटांत किंवा टाइम आउटच्या काही क्षणांत त्याला दुखणे ओळखून उपाय सांगावा लागतो. न्यूयॉर्क निक्स संघाचे प्रशिक्षक रेड होल्झमन यांनी ही परीक्षा मे १९७० मध्ये ज्या रीतीने दिली, ती बास्केटबॉलच्या इतिहासात नोंदली गेली आहे.

ब्रुकलिनचे बालपण

विल्यम होल्झमन यांचा जन्म १० ऑगस्ट १९२० रोजी न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड या स्थलांतरितांच्या दाट वस्तीत झाला. वडील रशियातून आणि आई रोमानियातून आलेली. घर ज्यू आणि बेताच्या परिस्थितीचे. लालसर केसांमुळे त्यांना रेड हे नाव पडले आणि ते जन्मभर चिकटले. ब्रुकलिनमध्ये ते लहानाचे मोठे झाले. त्या भागातील मुलांचा बास्केटबॉल हाच खेळ होता. त्याला ना मोठे मैदान लागे, ना महागडे साहित्य.

पुढे सिटी कॉलेजात नॅट होल्मन यांच्यासारखे गुरू लाभले. चेंडू हातात नसतानाही खेळाडूने सतत हालचाल करावी आणि मोकळ्या असलेल्या सहकाऱ्याकडे चेंडू पोहोचवावा, ही शिकवण होल्झमन यांच्या अंगात तेथेच मुरली. १९४२ मध्ये पदवी घेऊन ते अमेरिकी नौदलात दाखल झाले. त्याच वर्षी सेल्मा यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

युद्ध संपल्यावर ते रॉचेस्टर रॉयल्स या व्यावसायिक संघात गार्ड म्हणून खेळू लागले. उंची बेताची, पण डोके शाबूत आणि बचाव चिवट. या संघाने १९४६ मध्ये त्या वेळच्या नॅशनल बास्केटबॉल लीगचे आणि १९५१ मध्ये एनबीएचे विजेतेपद पटकावले. १९५१ च्या अंतिम मालिकेत रॉचेस्टरने निक्सला ४-३ असे नमवले होते. ज्या शहराने होल्झमन यांना वाढवले, त्याच शहराच्या संघाचा हा पराभव होता.

अपयशाची दहा वर्षे

प्रशिक्षकपदाची सुरुवात मात्र कटू झाली. १९५४ मध्ये मिलवॉकी हॉक्स या दुबळ्या संघाची सूत्रे त्यांच्याकडे आली. पुढच्या वर्षी हा संघ सेंट लुईसला हलला. बॉब पेटिटसारखा गुणी खेळाडू त्यांच्याच काळात संघात आला. पण विजय हवे तेवढे आले नाहीत. १९५६-५७ च्या हंगामात १४ विजय आणि १९ पराभव अशी अवस्था असताना त्यांना पदावरून दूर करण्यात आले. विशेष म्हणजे त्याच हंगामात हॉक्सने अंतिम फेरी गाठली आणि १९५८ मध्ये विजेतेपदही मिळवले. पेरणी एकाची आणि सुगी दुसऱ्याची, असा हा प्रकार होता.

त्यानंतरची सुमारे दहा वर्षे होल्झमन यांनी निक्ससाठी खेळाडू हेरण्याचे काम केले. देशभर हिंडायचे, महाविद्यालयांचे सामने पाहायचे आणि टिपणे पाठवायची. या कामाला प्रसिद्धी नव्हती, पण नजर तयार होत होती. खेळाडूला कोणती जागा सोयीची, दमल्यावर तो कोणत्या बाजूला झुकतो, दबावाखाली चेंडू कोणाकडे देतो, हे ते बारकाईने पाहत. विलिस रीड १९६४ मध्ये, तर वॉल्ट फ्रेझर आणि फिल जॅक्सन १९६७ मध्ये निक्समध्ये आले. त्या निवडींमागे या भटकंतीचा मोठा वाटा होता.

डिसेंबर १९६७ मध्ये निक्सची अवस्था १५ विजय आणि २२ पराभव अशी झाली, तेव्हा व्यवस्थापनाने प्रशिक्षक डिक मॅग्वायर आणि होल्झमन यांच्या कामांची अदलाबदल केली. पद सोडताना पोळलेले होल्झमन ते पुन्हा स्वीकारण्यास फारसे उत्सुक नव्हते. पण एकदा सूत्रे हाती घेतल्यावर त्यांनी सरावाची तऱ्हाच बदलली. बचाव सगळ्यांनी मिळून करायचा, प्रत्येकाची नजर चेंडूवर हवी, हा त्यांचा पहिला नियम होता. सरावाला उशीर झाला की दंड ठरलेला. आक्रमणात मात्र त्यांनी खेळाडूंना मोकळीक दिली. डावपेच सुचवण्याचा अधिकार संघातील प्रत्येकाला होता. डिसेंबर १९६८ मध्ये वॉल्ट बेलामी आणि हॉवर्ड कोमिव्हज यांच्या बदल्यात डेव्ह डिबशेअर हा फॉरवर्ड डेट्रॉइटकडून आला. रीडला त्याची मूळची सेंटरची जागा परत मिळाली आणि संघाची घडी बसली.

१९७० ची अंतिम मालिका

१९६९-७० च्या हंगामात निक्सने ६० सामने जिंकले. त्यात सलग १८ विजयांचा तेव्हाचा विक्रमही होता. बाल्टिमोर आणि मिलवॉकी यांना मागे सारून संघ अंतिम फेरीत पोहोचला, तेव्हा समोर लॉस एंजल्स लेकर्स हा तारांकित संघ उभा होता. जेरी वेस्ट, एल्जिन बेलर आणि सात फूट एक इंच उंचीचा विल्ट चेंबरलेन. गुडघ्याच्या गंभीर दुखापतीमुळे चेंबरलेन त्या हंगामात बहुतेक काळ बाहेर होता. तो परतला होता, पण बास्केटजवळची जागा सोडून दूर धावणे टाळत होता.

पहिल्या सामन्यात रीडने नेमके हेच हेरले. त्याने बाहेरून नेम साधत ३७ गुण मिळवले आणि निक्स जिंकले. दुसऱ्या सामन्यात चेंबरलेन बाहेर येऊन रीडला भिडू लागला आणि लेकर्सने १०५-१०३ अशी बरोबरी साधली. तिसऱ्या सामन्यात शेवटच्या क्षणी वेस्टने सुमारे ६० फुटांवरून फेकलेला चेंडू बास्केटमध्ये पडला. पण तेव्हा तीन गुणांची रेषा नसल्याने त्याचे दोनच गुण झाले आणि जादा वेळेत निक्सने बाजी मारली. चौथा सामना लेकर्सने जादा वेळेतच जिंकला. मालिका २-२ अशी बरोबरीत आली.

४ मे रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनवर पाचवा सामना सुरू झाला. पहिल्याच सत्रात रीड कोसळला. मांडीचा स्नायू फाटला होता. निक्स दहा गुणांनी मागे होते आणि चेंबरलेनला अडवणारा एकमेव माणूस मैदानाबाहेर गेला होता. होल्झमन यांनी राखीव सेंटर उतरवून पाहिले, मग त्याहून बुटक्या खेळाडूंना पुढे केले. पण घाव भरेना. मध्यंतराला लेकर्स १३ गुणांनी पुढे होते.

त्या काळात निक्सच्या प्रशिक्षकाला आजच्यासारखा सहायकांचा ताफा नव्हता. होल्झमन यांच्या शेजारी बाकावर बसत ते संघाचे ट्रेनर डॅनी व्हेलन. त्यामुळे मध्यंतरात सल्ला मिळण्याची जागा एकच होती, ती म्हणजे दमलेले, घामाघूम झालेले खेळाडू. त्या दिवशी सल्ला दिला फॉरवर्ड बिल ब्रॅडलीने. पुढे अमेरिकेचा सिनेटर झालेला हा खेळाडू प्रिन्स्टन विद्यापीठात शिकलेला. त्याने महाविद्यालयीन बास्केटबॉलमधील एक रचना सुचवली : एक खेळाडू वर, तिघे मधल्या फळीत आणि एक तळरेषेजवळ. प्रतिस्पर्धी संघ खेळाडूऐवजी जागा राखून बचाव करतो, तेव्हा तो फोडण्यासाठी ही रचना वापरतात.

ही सूचना वरवर विचित्र होती, कारण व्यावसायिक खेळात तेव्हा जागा राखून बचाव करण्यास बंदी होती. पण चेंबरलेन बास्केटखालून हलत नसल्यामुळे लेकर्सचा बचाव प्रत्यक्षात तसाच झाला होता. रीड नसल्याने निक्सकडे उंची नव्हती. मग उंचीची लढाईच कशाला लढायची? पाचही खेळाडू बाहेरून नेम साधणारे असतील, तर चेंबरलेनसमोर दोनच पर्याय उरतात. जागा धरून बसला, तर समोरचा मोकळेपणी बास्केट करणार. बाहेर आला, तर बास्केटखालची वाट उघडी पडणार. होल्झमन यांनी ही सूचना तेथेच स्वीकारली. स्वतः आखलेली योजना बाजूला ठेवायला त्यांना एक मध्यंतर पुरले.

बचावातही बदल झाला. सहा फूट सहा इंच उंचीचा डिबशेअर चेंबरलेनला भिडला. त्याच्या फाउलची संख्या वाढू लागली, तेव्हा ती जबाबदारी डेव्ह स्टॉलवर्थने उचलली. हा तोच खेळाडू, ज्याला १९६७ मध्ये हृदयविकाराचा झटका आला होता आणि जो दोन हंगाम खेळाबाहेर राहून परतला होता. बाकीच्यांचे काम चेंबरलेनपर्यंत चेंडू पोहोचूच न देण्याचे होते. पासच्या वाटेत हात, चेंडू खेळवणाऱ्यावर सतत दबाव, चेंडू सुटला की धाव. उत्तरार्धात लेकर्सने १९ वेळा चेंडू गमावला. निक्सने तो सामना १०७-१०० असा जिंकला.

एका रात्रीचे औषध

या कथेचा पुढचा भाग अनेकदा सांगायचा राहून जातो. तो उपाय एका रात्रीपुरताच होता. सहाव्या सामन्यात लेकर्सचे प्रशिक्षक जो मुलानी यांच्या संघाने पहिल्यापासून चेंडू चेंबरलेनकडे नेला. रीड नव्हता, आश्चर्याचा धक्काही उरला नव्हता. चेंबरलेनने ४५ गुण आणि २७ रिबाउंड मिळवले. लेकर्स १३५-११३ असे जिंकले. दोन दिवसांपूर्वी पेच सोडवणारी रचना निष्प्रभ ठरली. मालिकेत प्रत्येक उत्तराचे आयुष्य किती थोडे असते, याचा याहून स्पष्ट दाखला सापडणे कठीण.

तरीही पाचव्या सामन्याचे मोल कमी होत नाही. तो विजय नसता, तर सहाव्या सामन्यातच मालिका संपली असती आणि ८ मेचा सातवा सामना झालाच नसता. त्या दिवशी रीड वेदनाशामक इंजेक्शने घेऊन लंगडत मैदानात आला आणि त्याने पहिले दोन्ही नेम अचूक साधले. त्याला पुढे एकही गुण मिळाला नाही. पण चेंबरलेनला अडवायला तो उभा राहिला आणि बाकीचा भार फ्रेझरने ३६ गुण व १९ असिस्टनी उचलला. मध्यंतराला ६९-४२ अशी आघाडी घेतलेल्या निक्सने ११३-९९ असा विजय मिळवून पहिलेवहिले विजेतेपद साजरे केले. संघाची स्थापना १९४६ ची. त्याला चोवीस वर्षे वाट पाहावी लागली होती.

हार आणि पुन्हा जीत

१९७२ मध्ये हेच दोन संघ पुन्हा भिडले. रीड जायबंदी होता. होल्झमन यांनी जेरी लुकसला सेंटरच्या जागी खेळवून लांबून नेम साधायला लावला आणि पहिला सामना ११४-९२ असा जिंकला. पुढचे चारही सामने लेकर्सने घेतले. दुसऱ्या सामन्यात डिबशेअरही जायबंदी झाला आणि हाताशी माणसेच उरली नाहीत. चतुराईलाही खेळाडूंची गरज असते, हे त्या मालिकेने दाखवले.

१९७३ मध्ये त्याची भरपाई झाली. नियमित हंगामात ६८ सामने जिंकणाऱ्या बोस्टन सेल्टिक्सला निक्सने सातव्या सामन्यात बोस्टनच्या मैदानावर ९४-७८ असे हरवले. घरच्या मैदानावर सातवा सामना गमावण्याची सेल्टिक्सची ती पहिलीच वेळ. या सामन्यात होल्झमन यांनी राखीव गार्ड डीन मेमिंगरला जो जो व्हाइटच्या मागावर सोडले होते. अंतिम फेरीत लेकर्सकडून पहिला सामना हरल्यावर निक्सने सलग चार सामने जिंकले आणि दुसरे विजेतेपद मिळवले.

वारसा

१९७७ मध्ये होल्झमन यांनी पद सोडले, १९७८ मध्ये पुन्हा स्वीकारले आणि १९८२ मध्ये कायमचे ठेवले. एनबीएमध्ये प्रशिक्षक म्हणून त्यांनी ६९६ विजय मिळवले; त्यांतील ६१३ निक्सचे. मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या छताखाली त्यांच्या नावाने ६१३ हा आकडा झळकतो. १९८६ मध्ये बास्केटबॉल हॉल ऑफ फेमने त्यांचा गौरव केला. १३ नोव्हेंबर १९९८ रोजी ल्युकेमियाने त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी सेल्मा यांचेही निधन झाले होते.

पाठीच्या शस्त्रक्रियेमुळे १९६९-७० चा संपूर्ण हंगाम न खेळू शकलेला फिल जॅक्सन त्या काळात होल्झमन यांच्या सहवासात राहून सामने पाहत होता. पुढे शिकागो बुल्स आणि लेकर्स यांचा प्रशिक्षक म्हणून त्याने अकरा विजेतीपदे मिळवली आणि आपल्या घडणीत होल्झमन यांचा वाटा मोठा असल्याचे तो सांगत आला.

आज एनबीएच्या प्रत्येक संघाकडे चित्रफितींचे विश्लेषक, आकडेतज्ज्ञ आणि सहायकांची फौज असते. होल्झमन यांच्याकडे यांतले काहीच नव्हते. तेरा गुणांनी पिछाडीवर असताना, मुख्य खेळाडू गमावलेला असताना, कप्पेबंद अहंकार बाजूला ठेवून खेळाडूचे म्हणणे ऐकण्याची तयारी मात्र होती. १९५७ मध्ये नोकरी गेलेल्या माणसाला आपल्या मताचा हट्ट धरण्याचे कारण उरले नव्हते, असेही म्हणता येईल. निक्सच्या पहिल्या विजेतेपदाचा मार्ग त्या मध्यंतरातील मोकळ्या कानांतून गेला.