मैदानावरचा संयमी वीर : बाळू पालवणकर

हुबळीच्या कोप्पीकर रोडवरून धारवाडला जाणाऱ्या प्रवाशास आज तासाभराचाही अवधी पुरतो. मल्लिकार्जुन मन्सूर, बेंद्रे यांच्यासारख्या थोर नावांमुळे हे शहर सर्वतोमुखी झाले आहे. परंतु हिंदी क्रिकेटमधील पहिला थोर गोलंदाज म्हणून ज्याचा उल्लेख केला जातो, तो पुरुषही याच धारवाडात जन्मास आला, हे मराठी वाचकांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते. त्याचे नाव बाळू बाबाजी पालवणकर.

बाळूंचा जन्म 1875-76 च्या सुमारास चर्मकार समाजातील एका कुटुंबात झाला. पालवण हे त्यांचे मूळ गाव आणि त्यावरूनच घराण्याचे आडनाव पडले. वडिलांची नोकरी लष्कराशी निगडित असल्याने मुलांचे बालपण छावण्यांच्या परिसरात गेले. पुण्यात गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या साहित्यावर बाळू आणि त्यांचा धाकटा भाऊ शिवराम क्रिकेट शिकले. पुढे गणपत आणि विठ्ठल हे आणखी दोन भाऊही नामांकित खेळाडू झाले.

शिक्षण सोडून कमावणे भाग पडले, तेव्हा बाळूंना पहिले काम मिळाले ते पुण्यातील एका पारशी क्रिकेट क्लबात. खेळपट्टी झाडणे व तिच्यावर रोलर फिरविणे हे ते काम आणि महिन्याचा पगार तीन रुपये. 1892 च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात चार रुपयांवर रुजू झाले. तेथे जाळी बांधणे, टेनिसच्या मैदानावर रेषा आखणे अशी कामे करता करताच सरावासाठी चेंडू टाकण्याची संधी त्यांना मिळाली. कॅप्टन जे. जी. ग्रेग हे त्या काळचे नामांकित फलंदाज. ते इतरांच्या आधी मैदानावर येत आणि बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करीत. आपल्याला बाद केल्यास ते दर वेळी आठ आणे देत, अशी आख्यायिका आहे.

या सरावातील एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. बाळूंनी तेथे शेकडो तास गोलंदाजी केली, परंतु एकदाही कोणी त्यांच्या हाती बॅट दिली नाही. फलंदाजी हा साहेबांचा अधिकार होता. जे आपल्या हाती नाही त्याची खंत करीत बसण्याऐवजी, जे हाती आहे ते पूर्णत्वास नेण्याचा मार्ग बाळूंनी धरला. डावखुऱ्या मंदगती गोलंदाजाचे सारे बळ त्याच्या चित्ताच्या स्थैर्यात असते. फलंदाजाने दोन चेंडू सीमेपार धाडले तरी तिसरा चेंडू तितक्याच निर्भयपणे उंचावून टाकावा लागतो. दिशा, टप्पा आणि वेगातील सूक्ष्म बदल यांवरील प्रभुत्व आणि घाई न करण्याची सवय बाळूंनी या अनाम वर्षांत कमावली. आजच्या क्रीडाशास्त्रात जिला मानसिक पूर्वतयारी म्हणतात, ती ही होय.

त्यांची कीर्ती पसरताच पुण्याच्या हिंदू क्लबापुढे पेच उभा राहिला. युरोपियनांना हरवायचे तर बाळू हवेत, पण अस्पृश्यास संघात घ्यावे कसे? अखेर त्यांना घेण्यात आले. मैदानावर सवर्ण खेळाडू त्यांनी हाताळलेला चेंडू हाती घेत. परंतु खेळाच्या मधल्या सुटीत बाळूंना चहा मिळे तो पॅव्हिलियनच्या बाहेर, मातीच्या भांड्यात. जेवणाचे ताटही निराळे असे. अशा अवहेलनेनंतर पुन्हा मैदानात उतरून अचूक टप्पा राखणे हे कोणत्याही शारीरिक कौशल्याहून कठीण काम होते. बाळूंनी ते वर्षानुवर्षे केले आणि त्यांच्या यशामुळेच ही बंधने हळूहळू सैल होऊ लागली.

प्लेगच्या दिवसांत पुणे सोडून ते मुंबईस आले. तेथे परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याने काही सभासदांचा विरोध बाजूस सारून त्यांना संघात घेतले. फेब्रुवारी 1906 मध्ये हिंदू आणि युरोपियन यांच्यात झालेला सामना इतिहासप्रसिद्ध आहे. हिंदूंनी 242 व 160 धावा केल्या. युरोपियनांचा पहिला डाव 191 धावांत संपला होता, आणि विजयासाठी 212 धावा हव्या असता दुसऱ्या डावात ते 102 धावांतच गारद झाले. हिंदू संघ 109 धावांनी जिंकला. या विजयात बाळूंच्या गोलंदाजीचा वाटा फार मोठा होता आणि शिवरामही त्यांच्या बरोबरीने खेळले होते.

1911 साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ इंग्लंडला गेला. स्वतः कर्णधार फारच थोडे सामने खेळले आणि संघाने बहुतेक सामने गमावले. अशा विस्कळीत संघात पस्तिशीच्या बाळूंनी सर्व सामने मिळून शंभराहून अधिक बळी मिळविले, त्यांपैकी 75 प्रथम श्रेणीच्या सामन्यांतील होते. मायदेशी परतल्यावर दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या समारंभाशी तरुण भीमराव आंबेडकरांचेही नाव निगडित आहे.

एवढी योग्यता असूनही हिंदू संघाचे कर्णधारपद मात्र त्यांना कधीच लाभले नाही. कर्णधार एम. डी. पै यांनी 1913 मध्ये जाहीरपणे सांगितले, की हा मान खरे पाहता बाळूंचा होता. तरीही वर्षामागून वर्षे गेली आणि अन्याय तसाच राहिला.

1920 साली या प्रकरणाने वळण घेतले. बाळूंना वगळण्यात आले आणि पै आजारी असता विठ्ठल यांचा हक्क डावलून दि. ब. देवधर यांना कर्णधार नेमण्यात आले. देवधर स्वतः थोर खेळाडू, परंतु निवडीमागे जातीचा विचार आहे हे पालवणकर बंधूंना स्पष्ट दिसत होते. शिवराम आणि विठ्ठल यांनी संघातून माघार घेतली आणि आपली कारणे वृत्तपत्रांतून जाहीरपणे मांडली. आजवर राखलेला संयम म्हणजे लाचारी नव्हती, हे या कृतीने सिद्ध केले. त्यांनी राग गिळला नाही आणि त्याला मोकाटही सोडले नाही, तर योग्य क्षणी योग्य शब्दांत व्यक्त केला. परिणाम तत्काळ झाला. अंतिम सामन्यासाठी बंधूंना सन्मानाने परत बोलावण्यात आले. बाळू उपकर्णधार झाले आणि पै यांनी काही काळ मुद्दाम मैदानाबाहेर राहून नेतृत्व त्यांच्या हाती दिले.

1923 मध्ये विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्यांच्या संघाने युरोपियनांना पराभूत केले. प्रेक्षकांनी त्यांना खांद्यावर उचलून घेतले. थोरल्या भावाने पेरलेले धाकट्याच्या ओंजळीत पडले. विठ्ठल यांचे ‘माझे क्रीडाजीवन’ हे 1948 सालचे आत्मचरित्र मराठी क्रीडासाहित्यातील मोलाचा दस्तऐवज असून जुन्या ग्रंथालयांनी ते जतन करावे अशा योग्यतेचे आहे.

उत्तरायुष्यात बाळू सार्वजनिक कार्यात उतरले. 1932 च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. 1937 च्या मुंबई विधिमंडळाच्या निवडणुकीत काँग्रेसतर्फे ते डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले. त्यांना 11,225 मते पडली, तर आंबेडकर 13,245 मते मिळवून विजयी झाले. एकेकाळी परस्परांविषयी आदर बाळगणाऱ्या या दोन पुरुषांचे मार्ग भिन्न झाले, ही त्या काळाच्या राजकारणाची गुंतागुंत होय.

जुलै 1955 मध्ये मुंबईत बाळूंचे निधन झाले. 33 प्रथम श्रेणी सामन्यांत 179 बळी हा त्यांचा लेखी हिशेब. पण पदावाचूनही नेतृत्व करता येते आणि मन ताब्यात ठेवणाऱ्यालाच अन्यायाविरुद्ध नेमक्या वेळी उभे राहता येते, हा त्यांच्या चरित्राचा बोध कोणत्याही धावफलकावर नोंदलेला नाही. धारवाडच्या मातीत जन्मलेल्या या खेळाडूचे स्मरण हुबळी-धारवाडच्या मराठी वाचकाने अगत्याने ठेवावे, असे त्याचे मोल आहे.