भंगारातून परतलेला हत्ती : एत्तोरे बुगाटी आणि त्यांची ‘रॉयाल’

१९४३ साल. दुसरे महायुद्ध ऐन भरात होते आणि अमेरिकेत लोखंडाच्या प्रत्येक तुकड्याला रणगाड्याचे मोल आले होते. घराघरांतील जुनी भांडी, बागांची कुंपणे, बंद पडलेल्या मोटारी, सारे भट्टीच्या वाटेला लागले होते. त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील एका भंगाराच्या आवारात एक अवाढव्य मोटार पडून होती. लांबी एकवीस फुटांच्या घरात आणि वजन तीन टनांच्या आसपास. वजनावर माल घेणाऱ्या भंगारवाल्याला याहून चांगला सौदा कोणता मिळणार? इंजिनाला तडा गेलेला असल्याने ती चालवून पाहण्याचा प्रश्नच नव्हता.

ही मोटार म्हणजे ‘बुगाटी टाइप ४१’, अर्थात ‘रॉयाल’. अशा अवघ्या सहा मोटारी जगात होत्या. त्यांचे निर्माते एत्तोरे बुगाटी तेव्हा जर्मनांच्या ताब्यातील पॅरिसमध्ये राहत होते. साठी ओलांडलेली होती, तरुण मुलगा गेला होता आणि स्वतःचा कारखाना परक्यांच्या हाती पडला होता.

बुगाटी यांचा जन्म १५ सप्टेंबर १८८१ रोजी इटलीतील मिलान येथे झाला. घर कलावंतांचे होते. वडील कार्लो हे लाकडी सामानाच्या आगळ्या घडणीसाठी युरोपभर नावाजलेले कारागीर, तर धाकटा भाऊ रेम्ब्रांट पुढे प्राण्यांची शिल्पे घडवणारा थोर शिल्पकार झाला. थोरल्या एत्तोरे यांनीही कलेचे शिक्षण घेतले, पण त्यांचे मन रमले ते मिलानमधील प्रिनेत्ती-स्तुक्की या कारखान्यातील तीनचाकी यंत्रांत. रीतसर अभियांत्रिकी त्यांनी कधी शिकली नाही. वयाच्या विशीत त्यांनी स्वतः रेखाटलेली मोटार १९०१ च्या मिलान प्रदर्शनात मांडली. ती पाहून आल्सासमधील द दीत्रिश या कारखान्याने त्यांना करारबद्ध केले. त्या वेळी ते कायद्याने अज्ञान होते. करारावर सही वडिलांना करावी लागली.

पुढची काही वर्षे नोकऱ्यांची होती. स्ट्रासबुर्ग झाले, मग कोलोनमधील डॉइट्झ कंपनी झाली. दुसऱ्यांसाठी मोटारी आखता आखता त्यांनी कोलोनच्या राहत्या घराच्या तळघरात स्वतःसाठी एक चिमुकली, हलकी मोटार तयार केली. १९०९ च्या अखेरीस आल्सासमधील मोल्सहाइमजवळ कापड रंगवण्याचा एक बंद कारखाना त्यांनी घेतला आणि तेथे आपल्या नावाच्या मोटारींचा उद्योग सुरू केला. हा प्रदेश तेव्हा जर्मन साम्राज्यात होता.

हलकेपणा हेच त्यांचे मर्म होते. १९११ मध्ये फ्रान्समधील मोठ्या शर्यतीत त्यांची छोटी मोटार कितीतरी पटींनी मोठी इंजिने असलेल्या मोटारींमध्ये दुसरी आली, तेव्हा लोकांचे लक्ष प्रथम त्यांच्याकडे वळले. १९१४ मध्ये महायुद्ध पेटले. बुगाटी यांनी दोन तयार मोटारी मिलानला नेल्या आणि आणखी तीन मोटारींचे सुटे भाग कारखान्याजवळ जमिनीत पुरून ठेवले. युद्धानंतर आल्सास फ्रान्सकडे आले. बुगाटी परतले, भाग उकरून काढले, जोडले आणि शर्यतीत उतरवले. १९२० मध्ये ल माँ येथे विजय मिळाला. १९२१ मध्ये इटलीतील ब्रेशिया येथे पहिले चारही क्रमांक त्यांच्याच मोटारींनी पटकावले. चांगले यंत्र वाचवण्यासाठी प्रसंगी ते दडवावे लागते, हे त्या घराण्याला तेव्हापासून ठाऊक होते. पुढे ते उपयोगी पडले.

त्या युद्धाने एक घाव मात्र कायमचा दिला. रेम्ब्रांट अँटवर्पच्या प्राणिसंग्रहालयात तासन् तास बसून प्राण्यांच्या आकृती घडवीत असत. युद्धकाळात तेथील प्राणी मारण्यात आले. आधीच खचलेल्या रेम्ब्रांट यांनी जानेवारी १९१६ मध्ये पॅरिसमध्ये जीवन संपवले. वय अवघे एकतीस.

विसाव्या शतकाचे तिसरे दशक हे बुगाटी यांच्या वैभवाचे. १९२४ मध्ये आलेल्या ‘टाइप ३५’ने युरोपातील शर्यतींवर राज्य केले. सिसिलीच्या डोंगरवाटांवरील तार्गा फ्लोरिओ ही अवघड शर्यत बुगाटी मोटारींनी १९२५ ते १९२९ अशी सलग पाच वर्षे जिंकली. मोल्सहाइम हा कारखाना कमी आणि एखाद्या जहागीरदाराचा वाडा अधिक वाटावा, असा होता. आवारात जातिवंत घोडे होते, पाहुण्या ग्राहकांसाठी निवासाची सोय होती आणि मालक स्वतः घोडेस्वाराच्या पोशाखात वावरत. यंत्राचा जो भाग कोणाच्या दृष्टीस पडणार नाही, तोही देखणा असावा, असा त्यांचा आग्रह होता. त्यांचा हेकाही तितकाच जबर होता. इतर कारखान्यांनी तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक स्वीकारले, तरी बुगाटी बराच काळ तारेच्या ब्रेकवर अडून राहिले.

याच आत्मविश्वासातून ‘रॉयाल’ जन्मली. राजेमहाराजांसाठी जगातील सर्वांत भव्य मोटार बनवायची आणि अशा पंचवीस मोटारी घडवायच्या, असा बेत होता. आठ सिलिंडरांचे, पावणेतेरा लिटर क्षमतेचे इंजिन. पुढच्या आणि मागच्या चाकांत सव्वाचार मीटरहून अधिक अंतर. रेडिएटरच्या टोपणावर मागच्या पायांवर उभा राहिलेला चांदीचा हत्ती बसवला होता. तो रेम्ब्रांट यांच्या शिल्पावरून केलेला. गेलेल्या भावाला एत्तोरे यांनी आपल्या सर्वांत मोठ्या स्वप्नाच्या अग्रभागी असे स्थान दिले.

स्वप्नाला बाजार मात्र मिळाला नाही. १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला आणि मंदीने जग ग्रासले. एका राजाची खाण्याची रीत न आवडल्यामुळे बुगाटी यांनी त्याला मोटार नाकारली, अशी आख्यायिका सांगतात. ती खरी असो वा नसो, एकाही राजाने ‘रॉयाल’ घेतली नाही, एवढे खरे. सहा मोटारी तयार झाल्या, बाहेरच्या ग्राहकांनी घेतल्या त्यांतील तीन. उरलेली इंजिने वाया जाऊ नयेत म्हणून बुगाटी यांनी ती रेल्वेच्या वेगवान डब्यांत बसवली. १९३३ पासून पॅरिस ते दोव्हिल मार्गावर असे डबे धावू लागले. राजांसाठी घडवलेल्या इंजिनांनी शेवटी तिकीट काढून प्रवास करणाऱ्या सामान्य माणसांना वाहून नेले आणि कारखानाही तगवला. बुगाटी यांच्या हिशेबी बुद्धीचे हे उदाहरण त्यांच्या शर्यतींइतके सांगितले जात नाही.

‘रॉयाल’च्या तीन ग्राहकांपैकी एक होते योझेफ फुक्स हे जर्मन डॉक्टर. १९३२ मध्ये त्यांनी मोटारीचा सांगाडा आणि इंजिन विकत घेतले आणि म्युनिकच्या वाइनबर्गर या कारागिरांकडून काळ्या-पिवळ्या रंगसंगतीची उघड्या टपाची काया चढवून घेतली. जर्मनीत नाझींचे राज्य आल्यावर डॉक्टरांनी देश सोडला. स्वित्झर्लंड, मग शांघाय आणि १९३७ च्या सुमारास न्यूयॉर्क, असा त्यांचा प्रवास झाला. तीन टनांची ती मोटार त्यांच्यापाठोपाठ अमेरिकेत पोहोचली. तेथे एका हिवाळ्यात इंजिनातील पाणी काढायचे राहून गेले. पाणी गोठले की फुगते आणि ओतीव लोखंड ताणले जात नाही. इंजिनाला तडा गेला. बुगाटी यांच्या पद्धतीत सिलिंडर आणि त्यांवरील माथा हे एकसंध ओतलेले असत. बिघडलेला तेवढा भाग बदलण्याची सोय नव्हती. सुटे भाग देऊ शकेल असा कारखाना तर समुद्रापार, शत्रूच्या ताब्यात. मोटार भंगारात गेली ती अशी.

त्या काळात मोल्सहाइमवर आघातामागून आघात होत होते. १९३६ मध्ये फ्रान्सभर संपांची लाट उसळली आणि ती बुगाटी यांच्या दारातही आली. कामगारांच्या मागण्या साऱ्या देशाच्याच होत्या. पण स्वतःला कुटुंबप्रमुख मानणाऱ्या बुगाटी यांना तो घरातला विश्वासघात वाटला. कारखाना थोरला मुलगा जाँ याच्याकडे सोपवून ते पॅरिसला गेले. जाँ हा वडिलांइतकाच गुणी होता. कंपनीच्या अखेरच्या काळातील देखण्या मोटारी बव्हंशी त्याच्या कल्पनेतून उतरल्या. ११ ऑगस्ट १९३९ रोजी, ल माँची शर्यत नुकतीच जिंकलेली मोटार तपासत असताना, रस्त्यावर आलेल्या सायकलस्वाराला वाचवताना तो अपघातात मरण पावला. तो तीस वर्षांचा होता. तीन आठवड्यांत युद्ध सुरू झाले. १९४१ मध्ये कारखाना जर्मनांना बळजबरीने विकावा लागला.

सुदैवाने कुटुंबाकडील तीन ‘रॉयाल’ मोटारी शत्रूच्या हाती लागल्या नाहीत. पॅरिसच्या उत्तरेला एर्मेनोंव्हिल येथील घरात त्या भिंतीआड चिणून ठेवल्या होत्या. १९१४ मध्ये जमिनीने जे काम केले, ते या खेपेस विटांनी केले.

ब्राँक्समधील मोटारीला मात्र ना भिंत होती ना वाली. तिला वाचवले चार्ल्स चेन या अमेरिकी अभियंत्याने. ते ब्यूइक या कंपनीचे मुख्य अभियंता होते, म्हणजे एकाच साच्यातून हजारो मोटारी काढणाऱ्या उद्योगातील माणूस. बुगाटी यांच्या कार्यपद्धतीचे हे दुसरे टोक. तरीही भंगाराच्या आवारात काय पडले आहे, हे ओळखणारी नजर त्यांच्याकडे होती. अवघ्या काहीशे डॉलर्सना त्यांनी ती मोटार सोडवली. युद्ध संपेपर्यंत थांबून १९४६ मध्ये त्यांनी काम हाती घेतले आणि पुढच्याच वर्षी मोटार पुन्हा रस्त्यावर आणली.

चेन यांनी मोटार जशीच्या तशी ठेवली नाही. एका कार्बोरेटरच्या जागी चार आले, काळा-पिवळा रंग जाऊन शिंपल्यासारखा पांढरा आणि हिरव्या किनारीचा रंग आला आणि बुगाटी यांनी इतकी वर्षे दूर ठेवलेले तेलदाबाचे ब्रेकही बसवले गेले. जुन्या वस्तूंचे जतन करणारे आज कदाचित याला नाके मुरडतील. पण ती वितळली असती तर मूळ रंगाचा वादही उरला नसता, आणि तीन टनांच्या मोटारीला भरवशाचे ब्रेक देणाऱ्या अभियंत्याला दोष देणे कठीण आहे.

तिकडे पॅरिसमध्ये बुगाटी यांचा वेगळाच लढा चालू होता. मुक्त फ्रान्सने मोल्सहाइमचा कारखाना शत्रूची मालमत्ता म्हणून ताब्यात घेतला होता आणि बुगाटी जन्माने इटालियन. आयुष्याच्या अखेरीस त्यांनी फ्रेंच नागरिकत्व घेतले आणि न्यायालयात दाद मागितली. १९४७ मध्ये कारखाना परत करण्याचा निर्णय झाला, तेव्हा ते मृत्युशय्येवर होते. २१ ऑगस्ट १९४७ रोजी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. मोल्सहाइमशेजारच्या दोर्लिसहाइम येथे, जाँ जेथे विसावला होता तेथेच, त्यांचे दफन करण्यात आले. त्याच वर्षी अटलांटिकपार त्यांची ‘रॉयाल’ पुन्हा धावू लागली होती.

कंपनी त्यांच्यामागे फार काळ टिकली नाही. एर्मेनोंव्हिलच्या मोटारींपैकी दोन त्यांची मुलगी लेबे हिने १९५० मध्ये ब्रिग्ज कनिंगहॅम या अमेरिकी शर्यतपटूला विकल्या. युद्धोत्तर फ्रान्समध्ये दुर्मिळ असलेले नवे फ्रिज त्या सौद्यात किमतीचा भाग होते, असे सांगितले जाते. त्यांतीलच एक मोटार १९८७ मध्ये लंडनच्या लिलावात साडेपाच दशलक्ष पौंडांना गेली. दोन वर्षे आधी, १९८५ मध्ये, कॅलिफोर्नियातील पेबल बीच येथे सहाही ‘रॉयाल’ प्रथमच एकत्र उभ्या राहिल्या.

चेन यांनी आपली मोटार विकली नाही. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने ती मिशिगनमधील डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड संग्रहालयाला भेट दिली. सामान्य माणसाच्या हाती मोटार देणाऱ्या फोर्ड यांच्या त्या संग्रहालयात राजांसाठी घडवलेली ही मोटार पुढे कायमची राहिली, आणि तिच्यासोबत रेम्ब्रांटचा सोंड उंचावलेला हत्तीही.