लिंबू पिळायचे भांडे आणि अवकाशतळ

1965 साली ब्रिटिश दूरचित्रवाणीवर ‘थंडरबर्ड्स’ ही कठपुतळ्यांची विज्ञानमालिका सुरू झाली. तिच्यातले थंडरबर्ड-1 हे यान ज्या भूमिगत तळावरून झेपावते, त्या तळाच्या भिंतीवर एक गोल, खाचाखाचांचा, भलताच गूढ वाटणारा भाग दिसतो. ते होते लिंबू पिळायचे प्लास्टिकचे भांडे! स्वयंपाकघरातली वस्तू अवकाशतळावर नेणाऱ्या त्या चमूचे प्रमुख होते डेरेक मेडिंग्ज.

मेडिंग्ज यांचा जन्म 1931 मध्ये लंडनचा. वडील स्टुडिओत सुतार, आई निर्माते अलेक्झांडर कोर्डा यांची सचिव. कलाशाळेतून बाहेर पडल्यावर त्यांना काम मिळाले ते चित्रपटांच्या श्रेयनामावलीची अक्षरे रंगवण्याचे. पुढे लेस बॉवी या तज्ज्ञाने त्यांना हाताखाली घेतले. काचेवर देखावे रंगवून कॅमेऱ्याला चकवायचे कसे, हे ते त्यांच्याकडे शिकले. नंतर गेरी अँडरसन यांच्या कठपुतळी मालिकांची कामे आली आणि स्लाऊ येथील औद्योगिक वसाहतीतल्या स्टुडिओत मेडिंग्ज यांचा कारखानाच सुरू झाला.

दर भागाला नवी याने हवीत आणि पैसे बेताचे. मग दुकानातून विमाने-रणगाड्यांचे प्लास्टिकचे जोडखेळ आणायचे, त्यातली चाके, टाक्या, इंजिनाचे तुकडे सुटे करून लाकडी सांगाड्यावर चिकटवायचे. पण नवेकोरे, चकचकीत यान खेळणेच वाटते. म्हणून पेन्सिलीने पत्र्यांचे सांधे आखायचे आणि रंगाची पूड चोळून ते मळवायचे. वापरलेली वस्तू खरी वाटते, हे मेडिंग्ज यांना पक्के ठाऊक होते.

खरा प्रश्न मात्र गुरुत्वाकर्षणाचा होता. यान लहान केले तरी पृथ्वीची ओढ लहान होत नाही. 100 मीटरवरून वस्तू खाली यायला साधारण साडेचार सेकंद लागतात. तोच प्रसंग 25 पट लहान केला, तर 4 मीटरला जेमतेम 0.9 सेकंद. डोळा लगेच ओळखतो की हे हलके खेळणे आहे. पडण्याचा वेळ उंचीच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो, म्हणून चित्रीकरण पाचपट वेगाने, म्हणजे सेकंदाला 24 ऐवजी 120 चौकटी घेऊन करायचे. पडद्यावर ते संथ होते आणि प्लायवूडच्या यानाला शेकडो टनांचे वजन येते. पाण्याचे थेंब मात्र ही लबाडी चालू देत नाहीत. पृष्ठताणामुळे थेंबाचा आकार ठरलेला असतो, तो मॉडेलबरोबर लहान होत नाही. म्हणूनच पुढे ‘द स्पाय हू लव्हड मी’ (1977) या बाँडपटासाठी तेलवाहू जहाजाचे ‘छोटे’ मॉडेलसुद्धा 60 फुटांहून लांब बांधावे लागले.

विमान धावपट्टीवर उतरताना दाखवायचे, तर टेबल केवढे घ्यायचे? मेडिंग्ज यांनी विमान जागेवरच ठेवले आणि त्याच्याखाली रस्ताच पट्ट्यासारखा फिरवला. ट्रेडमिलवर रुग्णाची हृदयतपासणी होते तेव्हाही युक्ती हीच असते. माणूस तिथल्या तिथे, रस्ता पळतो.

‘मूनरेकर’ (1979) मध्ये त्यांनी अवकाशयाने उडवली. खरे स्पेस शटल अवकाशात जायला अजून दोन वर्षे होती, त्यामुळे पाहून नक्कल करायला उड्डाणच नव्हते. यानामागचा धुराचा लोट म्हणजे मॉडेलमधून सांडणारे मीठ! अवकाशातल्या लढाईसाठी एकच फिल्म मागे गुंडाळून तिच्यावर पुन्हापुन्हा चित्रीकरण केले. एक चूक झाली की सगळे वाया, कारण तेव्हा संगणक मदतीला नव्हता. त्याच सुमारास ‘सुपरमॅन’च्या दृश्यांसाठी त्यांना आणि सहकाऱ्यांना विशेष ऑस्कर मिळाले. त्यात गुरू लेस बॉवी यांचेही नाव होते, पण ते काही आठवड्यांपूर्वीच वारले होते.

1995 मध्ये ‘गोल्डनआय’चे काम करत असताना मेडिंग्ज यांना मोठ्या आतड्याचा कर्करोग होता. हा आजार बहुधा पॉलिप नावाच्या लहानशा कोंबापासून सुरू होतो आणि कर्करोग व्हायला बऱ्याचदा दहाएक वर्षे जातात. या अवधीत दुर्बिणीतून तो कोंब काढता येतो. दुर्दैवाने शौचावाटे रक्त गेले की मूळव्याधच असेल, असे समजून कित्येक जण मलमावर दिवस काढतात; पन्नाशीनंतर तर हे अजिबात करू नये. धडधाकट लोकांची सरसकट चाचणी करण्याची सरकारी योजना इंग्लंडमध्ये आली ती 2006 साली.

10 सप्टेंबर 1995 रोजी, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी मेडिंग्ज गेले. थंडरबर्ड्सची बरीचशी मूळ मॉडेल त्याआधीच कचऱ्यात गेली होती. ज्या अडगळीतून ती आली, तिथेच परतली म्हणायची. ‘गोल्डनआय’ नोव्हेंबरमध्ये पडद्यावर आला. त्याच्या श्रेयनामावलीत चित्रपट मेडिंग्ज यांच्या स्मृतीस अर्पण केल्याची ओळ आहे.