वणीचे सुपुत्र लोकनायक बापूजी अणे

कोळशाच्या खाणींमुळे सर्वपरिचित असलेल्या आपल्या वणी नगरीने देशाला एक थोर लोकनेता, संस्कृत पंडित आणि राज्यपाल दिला, याचे स्मरण नव्या पिढीला करून देणे अगत्याचे आहे. ते नररत्न म्हणजे माधव श्रीहरी उपाख्य बापूजी अणे.

बापूजींचा जन्म २९ ऑगस्ट १८८० रोजी वणी येथे झाला. नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून पदवी घेतल्यावर काही काळ त्यांनी अमरावतीस अध्यापन केले व पुढे यवतमाळला वकिली सुरू केली. लोकमान्य टिळकांवर त्यांची अढळ निष्ठा होती. १९१८ साली त्यांनी यवतमाळ येथून 'लोकमत' हे साप्ताहिक काढले. स्वातंत्र्यानंतर श्री. जवाहरलालजी दर्डा यांनी याच नावाचे पत्र पुन्हा सुरू केले व १९७१ साली नागपुरातून त्याचे दैनिक झाले.

१९२८ च्या नेहरू समितीचे बापूजी सदस्य होते. जुलै १९३० मध्ये पुसद येथे राखीव जंगलातील गवत कापून त्यांनी जंगल सत्याग्रहाचे नेतृत्व केले व कारावास पत्करला. १९३३ साली ते काँग्रेसचे हंगामी अध्यक्ष होते. तथापि पुढच्याच वर्षी जातीय निवाड्याबाबत काँग्रेसचे तटस्थ धोरण त्यांना पटले नाही. पंडित मदनमोहन मालवीय यांच्यासह त्यांनी वेगळा राष्ट्रीय पक्ष उभारला. मतभेद झाला, परंतु गांधीजींविषयीचा आदर उणावला नाही.

या आदराची कसोटी पुढे लागली. १९४१ साली बापूजींनी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्यत्व स्वीकारले. १९४२ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय नेते तुरुंगात गेले, तरी ते पदावर राहिले. जुन्या सहकाऱ्यांना हे रुचणे शक्य नव्हते. चिमूर येथील अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून प्राध्यापक भन्साळी यांनी दिल्लीत बापूजींच्याच निवासस्थानी उपोषण आरंभले. आपल्याच भागातील दुःख असे दाराशी येऊन बसले. अखेर फेब्रुवारी १९४३ मध्ये, गांधीजींचे एकवीस दिवसांचे उपोषण चालू असताना, सरकारचे धोरण अमान्य असल्याने सर होमी मोदी व नलिनीरंजन सरकार यांच्यासह बापूजींनी राजीनामा दिला. सत्तेच्या आसनावर बसणे सोपे असते; योग्य क्षणी ते सोडणे कठीण. बापूजींनी तो क्षण ओळखला.

त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधी म्हणून ते सिलोनला गेले व १९४७ पर्यंत तेथील भारतीयांचे प्रश्न त्यांनी हाताळले. संविधान सभेचेही ते सदस्य होते. जानेवारी १९४८ ते जून १९५२ या काळात त्यांनी बिहारचे राज्यपालपद भूषविले. निवृत्तीच्या वयातही ते स्वस्थ बसले नाहीत. १९५९ मध्ये नागपुरातून लोकसभेवर गेले, १९६२ मध्ये पुन्हा निवडून आले आणि स्वतंत्र विदर्भाचा आग्रह त्यांनी अखेरपर्यंत धरला.

राजकारणाच्या धकाधकीत त्यांनी सरस्वतीची उपासनाही सोडली नाही. लोकमान्यांच्या जीवनावरील 'श्रीतिलकयशोऽर्णवः' हे विशाल संस्कृत महाकाव्य त्यांनी रचले. त्यास १९७३ साली मरणोत्तर साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. २६ जानेवारी १९६८ रोजी, प्रजासत्ताकदिनीच, त्यांची प्राणज्योत मालवली. त्याच वर्षी पद्मविभूषण किताबाने राष्ट्राने त्यांचा गौरव केला.

विचार पटला नाही तर निर्भयपणे वेगळे व्हावे, पण कोणाविषयी कटुता बाळगू नये. पद मिळाले तर सेवा करावी आणि विवेक सांगेल तेव्हा ते सोडावे, हाच बापूजींच्या जीवनाचा बोध आहे. समाजकार्यात वावरणाऱ्या आपणा सर्वांना तो सदैव मार्गदर्शक ठरो. वणीच्या या थोर सुपुत्रास विनम्र अभिवादन!