प्रतिनिधित्वाचा प्रश्न आणि दादासाहेब गायकवाड

नाशिकहून त्र्यंबकेश्वरकडे जाणाऱ्या रस्त्यावर सातपूर लागते. १९६० नंतरच्या दशकात येथे औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि १९८२ मध्ये नाशिक महानगरपालिका स्थापन झाली तेव्हा सातपूरची स्वतंत्र नगरपालिका तिच्यात विलीन झाली. शेतजमिनीच्या जागी कारखाने आले आणि गावगाड्यातून बाहेर पडलेला भूमिहीन मजूर कामगार म्हणून स्थिरावला. या स्थित्यंतराच्या आधीचा संघर्ष ज्यांच्या चरित्रात सामावलेला आहे, ते भाऊराव कृष्णराव उर्फ दादासाहेब गायकवाड याच जिल्ह्यातले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे निष्ठावंत सहकारी ही त्यांची रूढ ओळख खरी आहे. परंतु ती पुरेशी नाही. निवडून आलेला प्रतिनिधी आणि प्रत्यक्ष प्रतिनिधित्व या दोहोंत किती अंतर असू शकते, या प्रश्नाच्या अंगाने त्यांच्या जीवनाचा विचार करण्याचा येथे प्रयत्न आहे.

दादासाहेबांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ रोजी दिंडोरी तालुक्यातील आंबे या गावी एका महार कुटुंबात झाला. महार वतनाची व्यवस्था त्या काळी गावोगाव चालू होती. ही व्यवस्था मूळची ब्रिटिशपूर्व असली, तरी १८७४ च्या वतन कायद्याने वसाहतकालीन सरकारने तिला कायद्याचे अधिष्ठान दिले. सरकारी निरोप पोचविणे, सीमा दाखविणे, अधिकाऱ्यांची सरबराई करणे अशी कामे महारांनी करावयाची, आणि मोबदला म्हणून तुटपुंजी इनाम जमीन व बलुते स्वीकारावयाचे, अशी ही रचना होती. आधुनिक म्हणविणाऱ्या राज्ययंत्रणेचा शेवटचा दुवा अशा रीतीने जातीच्या वेठीवर उभा होता. समतेची भाषा बोलणारे परकीय सरकार आणि गावातील वरिष्ठ वर्ग यांचे हितसंबंध या ठिकाणी एकत्र येत होते, हे ध्यानात घेतल्याशिवाय दादासाहेबांच्या पुढील कार्याची संगती लागत नाही.

त्यांच्या नेतृत्वाची खरी कसोटी लागली ती १९३० च्या मार्चमध्ये सुरू झालेल्या काळाराम मंदिर सत्याग्रहात. सत्याग्रह समितीचे चिटणीसपद त्यांच्याकडे होते. बाबासाहेब गोलमेज परिषदेच्या निमित्ताने परदेशी असताना हा लढा टिकवून धरण्याची जबाबदारी प्रामुख्याने त्यांनीच पेलली. स्वयंसेवकांच्या तुकड्या तयार करणे, निधी गोळा करणे, गावोगावच्या बहिष्काराला तोंड देणारांना धीर देणे ही कामे वर्षानुवर्षे चालली. बाबासाहेबांचा त्यांच्याशी झालेला पत्रव्यवहार हे या काळाचे महत्त्वाचे साधन आहे. मंदिरप्रवेशाने अस्पृश्यता जाईल अशी आपली समजूत नसून समाजाला आपल्या स्थितीची जाणीव व्हावी यासाठी हा लढा होता, असा आशय बाबासाहेबांनी १९३४ मध्ये त्यांना कळविला होता. पुढल्याच वर्षी याच जिल्ह्यातील येवले येथे धर्मांतराची घोषणा झाली आणि सत्याग्रहाचे पर्व संपले. पाच वर्षे मंदिराची दारे उघडली नाहीत. सरकारी पोलीस त्या बंद दारांचे रक्षण करीत राहिले. दारे कायद्याने खुली झाली ती १९४७ च्या मुंबई प्रांताच्या मंदिरप्रवेश कायद्यानंतर.

सत्याग्रहाच्या रस्त्यावरून दादासाहेब विधिमंडळात पोचले. १९३२ च्या पुणे करारान्वये राखीव जागांसाठी प्राथमिक निवडणूक अस्पृश्य मतदारांची व अंतिम निवडणूक संयुक्त मतदारसंघाची, अशी द्विस्तरीय पद्धत आली. १९३५ च्या कायद्याने मताधिकार विस्तारला, तरी मालमत्ता, करभरणा व शिक्षण यांच्या अटींमुळे बहुसंख्य प्रौढ त्याबाहेरच राहिले. या मर्यादित चौकटीत १९३७ मध्ये स्वतंत्र मजूर पक्षाचे उमेदवार म्हणून दादासाहेब मुंबई विधानसभेवर निवडून आले. परंतु ज्या गावांतून ते आले तेथील वतन, बलुते आणि जमिनीची मालकी यांत या निवडीने फरक पडला नाही. पुढे १९४६ च्या निवडणुकांत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा जवळजवळ सर्वत्र पराभव झाला. अस्पृश्यांसाठी राखलेल्या जागेवर कोण बसणार हे अस्पृश्येतरांच्या मतांवर ठरू लागले, तर त्या जागेचे मोल काय, हा प्रश्न त्यामुळे अधिक तीव्र झाला.

प्रौढ मताधिकाराने हा प्रश्न सुटला असे म्हणता येत नाही. १९५२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत खुद्द बाबासाहेब पराभूत झाले. १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत दादासाहेब नाशिकमधून लोकसभेवर गेले, आणि त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला नागपुरात रिपब्लिकन पक्षाची स्थापना झाली. बाबासाहेबांच्या पश्चात पक्षाने कोणत्या वाटेने जावे यावरून मात्र लवकरच मतभेद उफाळले. बी. सी. कांबळे आदी सुशिक्षित, कायदेतज्ज्ञ मंडळींचा भर घटनात्मक मार्गावर होता. दादासाहेबांचा भर भूमिहीनांच्या लढ्यावर. धोतर नेसणाऱ्या, औपचारिक उच्च शिक्षण नसलेल्या नेत्याने आंबेडकरी विचाराचा अर्थ लावावा काय, असा सूर या वादात होता. कम्युनिस्टांच्या आहारी गेल्याचा आरोपही त्यांच्यावर झाला. पक्षाचे दुरुस्त आणि नादुरुस्त असे गट पडले. वरिष्ठ वर्गाच्या सत्तेविरुद्ध उभ्या राहिलेल्या चळवळीतही शिक्षण व पेशा यांच्या आधारे नवा वरिष्ठ वर्ग घडू शकतो, हे या फुटीने दाखविले. कांबळे यांच्या पक्षातही तथ्य होते. राज्यघटनेचे संरक्षण सोडून केवळ आंदोलनावर विसंबणे अल्पसंख्य समाजाला परवडणारे नव्हते. परंतु ज्याच्या नावावर एक गुंठाही जमीन नाही त्याला घटनेतील समता कशी पोचवावयाची, याचे उत्तर त्या पक्षाकडे नव्हते.

दादासाहेबांनी ते उत्तर जमिनीत शोधले. १९५९ मध्ये खानदेश, मराठवाडा आदी भागांत पडीक व गायरान जमिनींसाठी सत्याग्रह झाला. त्याआधी १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने रद्द झाली होती. वेठ गेली, पण जमिनीचा प्रश्न शिल्लक राहिला. ६ डिसेंबर १९६४ पासून देशव्यापी सत्याग्रह सुरू झाला आणि हजारो स्त्रीपुरुषांनी तुरुंगवास पत्करला. भूमिहीनांना जमीन आणि बौद्धांना सवलती या त्यातील प्रमुख मागण्या होत. दुसरी मागणी केंद्रीय पातळीवर मान्य होण्यास १९९० साल उजाडावे लागले. या काळात, १९६२ ते १९६८, दादासाहेब राज्यसभेचे सदस्य होते. एकाच वेळी संसदेत आणि तुरुंगाच्या दाराशी असणे, ही त्यांच्या प्रतिनिधित्वाच्या कल्पनेची खूण होय.

त्यांच्या अखेरच्या पर्वाचे मूल्यमापन अवघड आहे. १९६७ च्या सुमारास त्यांनी काँग्रेसशी समझोता केला. सत्तेत वाटा मिळाल्याखेरीज भूमिहीनांच्या पदरात काही पडणार नाही, हा त्यामागील हिशेब असावा. प्रत्यक्षात काही पदे मिळाली, पक्षात पुन्हा फूट पडली आणि ज्या पक्षाशी आयुष्यभर झुंज दिली त्याच्या कृपेवर कार्यकर्त्यांची बढती अवलंबून राहू लागली. मर्यादित मताधिकाराच्या काळात वरिष्ठ वर्ग दाराबाहेर ठेवीत असे. आता तो आत बोलावून निष्प्रभ करू लागला. २९ डिसेंबर १९७१ रोजी दादासाहेबांचे दिल्लीत निधन झाले. त्यानंतर पाच महिन्यांनी मुंबईत दलित पँथर उभी राहिली. तिच्या रोषाचे एक कारण हा समझोताच होता, ही वस्तुस्थिती त्यांच्या चरित्रकाराला टाळता येणार नाही.

मात्र साहित्याच्या अभ्यासकांनी आणखी एक बाब लक्षात घ्यावयास हवी. बाबूराव बागूल आणि वामनदादा कर्डक हे दोघेही नाशिक जिल्ह्याचे. बागुलांची कथा आणि वामनदादांचे गाणे ज्या श्रोत्या-वाचकांपर्यंत प्रथम पोचले, तो समाज सत्याग्रहाच्या तुकड्यांतून आणि जमिनीच्या मोर्चांतून संघटित झालेला होता. दलित साहित्याची पूर्वपीठिका केवळ ग्रंथांत शोधणे म्हणूनच अपुरे ठरते.

महाराष्ट्र शासनाने २००४ मध्ये भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांना चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन देण्याची योजना आखली आणि तिला दादासाहेबांचे नाव दिले. ज्या मागणीसाठी माणसे तुरुंगात गेली ती शासकीय योजना झाली, हे यश लहान नाही. परंतु मागणारा सत्याग्रही होता, आणि योजनेत तो लाभार्थी झाला. या दोन शब्दांतील अंतर मिटले काय, हा प्रश्न दादासाहेबांचे चरित्र आपल्यासमोर ठेवते. आणि जमीन मागे सोडून सातपूरच्या कारखान्यांत आलेल्यांच्या संदर्भातही तो विचारावाच लागतो.