लाल कोळी आणि कार्सनबाई

सीवूड्सच्या आमच्या गॅलरीत गुलाबाच्या चार कुंड्या आहेत. मार्चचं ऊन तापलं की पानांवर बारीक पांढुरके ठिपके पडू लागतात, पान निस्तेज होतं आणि मागच्या बाजूला विरविरीत जाळी दिसते. हा लाल कोळी. (करावे गावातल्या आमच्या कोळीबांधवांनी रागावू नये, जाळ्यापुरतंच साम्य!) जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा हा जीव आठ पायांचा, म्हणजे कीटक नव्हे, गोचिडाच्या नात्यातला. वांगी, भेंडी, गुलाब, जरबेरा, त्याला काहीही चालतं. एका वर्षी मी वैतागून बाजारातलं कीटकनाशक आणलं आणि दोनदा फवारलं. पंधरा दिवसांत कोळी कमी व्हायच्या ऐवजी कितीतरी वाढले.

रोज ओपीडीत अँटिबायोटिकच्या गैरवापराबद्दल बोलणाऱ्या माणसाला हे आधी सुचायला हवं होतं. त्याच पानांवर दुसऱ्या जातीचे, चपळ कोळीही फिरत असतात. ते झाडाला हात लावत नाहीत. लाल कोळ्यांची अंडी आणि पिल्लं खातात. शेतीतज्ज्ञ त्यांना परभक्षी कोळी म्हणतात. अनेक फवारे या राखणदारांना आधी मारतात. लाल कोळ्याची पिढी उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांत तयार होते, त्यामुळे औषधाला पुरून उरलेल्यांची प्रजा पान भरून टाकते.

ही गोष्ट सामान्य वाचकाला पहिल्यांदा नीट समजावून सांगितली ती रेचल कार्सन यांनी. जन्म २७ मे १९०७, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातलं स्प्रिंगडेल गाव. लेखिका व्हायचं म्हणून कॉलेजात इंग्रजी घेतलं आणि मध्येच जीवशास्त्राकडे वळल्या. १९३२ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून प्राणिशास्त्राची पदव्युत्तर पदवी मिळवली. १९३५ मध्ये वडील गेले, घराचा भार अंगावर आला, म्हणून सरकारी मत्स्य खात्यात नोकरी धरली. माशांवरची माहितीपत्रकं लिहिता लिहिता समुद्रावरची पुस्तकं लिहिली. १९५१ चं दुसरं पुस्तक इतकं खपलं की पुढच्या वर्षी नोकरी सोडता आली. लग्न केलं नाही, पण संसार चुकला नाही. आई त्यांच्याकडेच होती आणि १९५७ मध्ये भाची वारल्यावर तिचा पाच वर्षांचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला.

जानेवारी १९५८ मध्ये एका मैत्रिणीचं पत्र आलं. डासांसाठी विमानातून डीडीटी फवारल्यावर तिच्या अंगणातले पक्षी मरून पडले होते. कार्सनबाईंनी कागदपत्रं जमवायला सुरुवात केली. त्यात आपल्या कोळ्याचं प्रकरणही सापडलं. १९५६ मध्ये अमेरिकेच्या वनखात्याने एका अळीसाठी पावणेनऊ लाखांहून अधिक एकर जंगलावर डीडीटी फवारलं. पुढच्या उन्हाळ्यात माँटाना आणि आयडाहोमधली झाडं मैलोन्‌मैल करपल्यासारखी तपकिरी पडली. कारण कोळी! डीडीटीचा त्यांच्यावर फारसा परिणाम होत नाही, त्यांना खाणारे मात्र मेले होते.

हे लिखाण चालू असतानाच, १९६० च्या वसंतात, त्यांच्या स्तनात गाठी सापडल्या. शस्त्रक्रियेत स्तन काढून टाकला. सर्जनने सांगितलं, पुढे कसल्याही उपचाराची गरज नाही. खरं तर तो कर्करोग होता. वर्षअखेरीला छातीवर पुन्हा गाठ आली, तेव्हा त्यांनी क्लीव्हलंडच्या डॉ. जॉर्ज क्राइल यांचं मत घेतलं आणि खरं काय ते कळलं. रोग पसरला होता. त्या काळी रुग्णाला असं न सांगण्याची रीत होती, बाईमाणसाला तर नाहीच. मला ती रीत माफ करता येत नाही. पण आजही पेशंटला बाहेर बसवून, डॉक्टर, त्यांना काही कळू देऊ नका, असं सांगणारे नातेवाईक मला दर आठवड्याला भेटतात, आणि त्यांचं प्रेम खोटं नसतं, हेही दिसतं.

रेडिएशन घेत, सांधेदुखी आणि डोळ्यांच्या दुखण्याने मधूनमधून अंथरुणाला खिळत त्यांनी ‘सायलेंट स्प्रिंग’ पुरं केलं. सप्टेंबर १९६२ मध्ये ते प्रसिद्ध झालं. रासायनिक कंपन्या तुटून पडल्या. अविवाहित असण्यावरूनही टोमणे मारले गेले. आजार मात्र त्यांनी लपवला. स्वतःच्या दुखण्यापायी ही बाई रसायनांवर राग काढते आहे, असं कोणी म्हणायला नको होतं. सर्व कीटकनाशकं बंद करा, असं त्यांनी म्हटलंच नव्हतं. मे १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या विज्ञान सल्लागार समितीने त्यांचं म्हणणं बहुतांशी उचलून धरलं. १४ एप्रिल १९६४ रोजी, ५६ व्या वर्षी, त्या गेल्या. अमेरिकेत डीडीटीवर बंदी आली ती १९७२ मध्ये.

आपल्याकडे हिशेब इतका सरळ नाही. स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख मरत, असा अंदाज आहे. १९६५ पर्यंत रुग्ण लाखभरावर आले, त्यात डीडीटीचा मोठा वाटा. ते डीडीटी आपल्या पनवेलपलीकडच्या रसायनीतही बनायचं. मग डास त्याला दाद देईनासे झाले, इतरही ढिलाई झाली आणि १९७६ मध्ये आकडा ६४ लाखांवर गेला. डासांच्या या प्रतिकाराबद्दलही कार्सनबाईंनी लिहून ठेवलं होतं. भारतात शेतीसाठी डीडीटी १९८९ मध्ये बंद झालं. त्यानंतर आलेली औषधंही साधी नाहीत. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसएक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात भरती झाले.

गॅलरीतल्या कोळ्यासाठी पानांची खालची बाजू सकाळी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा, फार बिघडलेली पानं काढून टाका. बहुतेकदा तेवढं पुरतं. शेतावर फवारताना मात्र वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला तोंड करू नका, हातमोजे आणि मास्क वापरा. औषध अंगावर सांडलं तर कपडे ताबडतोब काढून साबणाने अंग धुवा. खूप घाम, लाळ, धाप, अंधुक दिसणं यातलं काही जाणवलं तर घरी थांबू नका, आणि दवाखान्यात येताना औषधाची बाटली सोबत आणा. लेबल वाचता आलं की आमचा बराच वेळ वाचतो.